हरेल त्याचे बाबा

"चिठ्ठ्या टाकणं काही बरं दिसत नाही," भावोजी म्हणाले आणि ते अगदी खरं होतं. जन्मदात्या बापाला कोणी न्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणून पोकर खेळायचं ठरलं.

बाबांच्या भाड्याच्या घराचा मालक महिनाअखेर जागा मागत होता. तीन रविवार दोघे भाऊ बाबांच्याच खोलीत बसून, बाबांनीच केलेला चहा पीत आपापल्या अडचणी सांगत होते. थोरल्याकडे खोल्या कमी होत्या, धाकट्याकडे जिने जास्त होते. ज्या अडचणीला नाव सापडत नव्हतं ती बायकोच्या नावावर खपत होती. तोडगा काढला तो भावोजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, कारण तिसरी चिठ्ठी आपल्या घराची निघेल अशी त्याला धास्ती होती.

चौथ्या रविवारी दुपारी डाव मांडला. बाबांना सांगितलं, सहज गंमत म्हणून. पैसे लावायचे नव्हते, माणसं सभ्य होती. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं दोघांनी निम्मी निम्मी घेतली. ज्याची बटणं आधी संपतील त्याने बाबांना न्यायचं. पानं वाटायला भावोजी.

थोरला विमा कंपनीत दावे तपासायचा. खोटं बोलणारा माणूस आपण चेहऱ्यावरून ओळखतो असा त्याचा लौकिक होता, म्हणजे तसं तो स्वतः सांगायचा. आठवडाभर त्याने पोकरचे व्हिडिओ पाहिले होते. पाय हलला की पानं चांगली, हात मानेकडे गेला की थाप. ऑफिसातल्या शिपायाने मान खाजवली म्हणून त्याने त्याला चारचौघांत खोटारडा ठरवलं. त्या बिचाऱ्याला घामोळं आलं होतं.

धाकटा आला तो काळा चष्मा, भुवयांपर्यंत टोपी आणि नाकापर्यंत मफलर अशा थाटात.

"हे काय? डोळे आलेत?"

"उजेडाचा त्रास होतो."

"आणि मफलर?"

"घसा धरलाय."

व्हिडिओ त्यानेही तेच पाहिले होते. थोरल्याला वाचायला उरलं फक्त नाकाचं टोक, आणि ते गप्प बसलं होतं. पहिल्या चार डावांत थोरल्याची बरीच बटणं गेली. बाबांची औषधं आपल्या फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायची, इथपर्यंत विचार जाऊन त्याला घाम फुटला.

तेवढ्यात बाबांनी पेपर घेतला आणि आपली खुर्ची ओढत पंख्याखाली आणली. पंखा नेमका धाकट्याच्या पाठीमागे होता. आता धाकट्याची पानं बाबांना दिसत होती आणि बाबांचा चेहरा थोरल्याला.

तीन डावांत थोरल्याने गणित सोडवलं. धाकट्याला चांगली पानं आली की बाबा चष्मा काढून सदऱ्याला पुसायचे. फालतू पानं आली की पेपराचं पान उलटायचे. थोरल्याने पत्त्यांकडे पाहणंच सोडून दिलं. तो टक लावून बाबांकडे पाहत बसला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेले चार केस, काही म्हणून त्याने सोडलं नाही. बरोबर आलेली बायको चहा घेऊन मध्ये उभी राहिली तर तिच्यावर खेकसला, "बाजूला हो, बाबा दिसत नाहीत!"

बायको चाटच पडली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण हे वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं.

बटणांचा ढीग थोरल्याकडे सरकू लागला. धाकट्याकडे जेमतेम मूठभर उरली. मग बाबांनी लागोपाठ सहा डाव चष्मा पुसला. थोरल्याने शहाण्यासारखी सहाही वेळा, लावलेली बटणं सोडून, पानं टाकून दिली. "नशीब फिरलं लेकाचं," तो पुटपुटला. बटणं पुन्हा बरोबरीत आली.

सातव्या डावात थोरल्याच्या हातात दोन राजे, दोन राण्या आल्या. धाकट्याने पानं उचलली. बाबांनी जांभई देत पेपराचं पान उलटलं.

"सगळी!" थोरल्याने ढीग पुढे लोटला.

"माझीही," मफलरातून आवाज आला. त्याने पानं उलटली. तीन एक्के, म्हणजे दोन्ही जोड्यांवर मात.

भावोजींनी घाईघाईने पत्ते गोळा केले, न जाणो कोणी दुसरा डाव मागायचा. धाकट्याने एका दमात चष्मा, टोपी, मफलर काढलं. उजेडाचा त्रास आणि घसा दोन्ही बरे झाले होते. "बाबांना जपा हं," असं थोरल्याच्या बायकोला बजावून तो भावोजींबरोबर निघाला. ती कपबशा घेऊन आत गेली, आणि आत त्या जरा जास्तच वाजल्या.

बाबा बटणं डब्यात भरत होते.

"बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो. तीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली. कोण काय लपवतोय ते डब्यात पाय ठेवताच कळायचं. तुम्ही काय लावून खेळताय हे मला कळणार नाही होय?"

थोरला वरमला. तरी आतून कुठेतरी सुखावला. "माझ्याकडे यायचं होतं तर सरळ सांगायचं ना."

"तुझ्याकडेही यायचं नव्हतं रे. पण आज दोन तास तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. तुझी आई गेल्यापासून एवढा वेळ कोणी बघितलं नव्हतं. म्हटलं, त्यातल्या त्यात हा बरा."

थोरला पटकन वाकला आणि टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

"बटणं सगळी डब्यात आहेत," बाबा म्हणाले. "ऊठ, माझी बॅग घे."