अपडेटचा मुहूर्त

तीस वर्षं पंचायत समितीत कारकुनी केली आहे मी! कुठली फाईल कधी पुढे सरकवायची आणि कधी पेपरवेटखाली झोपवायची, हे मला कुणी शिकवू नये. म्हणूनच शिनोलीची वेबसाइट गावाने माझ्याकडे सोपवली. बनवली मात्र प्राचीने, माझ्या पुण्यातल्या लेकीने. तिची ताकीद एकच: "अण्णा, अपडेटचं बटण मला विचारल्याशिवाय दाबू नका. मी येऊन करते."

मग काय! 'अपडेट उपलब्ध आहे' असं दिसलं की मी फोन लावायचो.

"दाबू का गं?"

"नको, येते मी."

अशी दोन वर्षं गेली. लेक काही आली नाही. बायको गेल्यापासून घरात बोलणारा एक टीव्हीच, आणि तो माझं ऐकत नाही!

परवा माझा सत्तरावा वाढदिवस. दुपारपर्यंत कुणाचा फोन नाही, प्राचीचाही नाही. मी रुसून फोनच बंद केला. वेबसाइटवर 'वाढदिवस' या रकान्यात स्वतःच स्वतःचा फोटो टाकला आणि त्याच रागात अपडेट दाबलं! स्क्रीन पांढरी झाली, पुन्हा उजळली. झालं की! मी ऐटीत आडवा झालो.

जाग आली ती अंगणातल्या रडण्याने. दारात शेजारचा रखमाजी, मागे अर्धी आळी, आणि गजराबाईंच्या डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात तशी.

"कोण गेलं रं रखमा?"

रखमाजी मटकन खाली बसला. "तूच की! वेबसाइटवर आलंय!"

अपडेटने रकान्यांची अदलाबदल केली होती. माझा हसरा फोटो 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली!

"लई चांगला माणूस व्हता म्हणून रडलो राव मी! आता ते माघारी घेऊ का?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "आता आलायसा तर जेवून जा."

तीस-पस्तीस माणसं पंगतीला बसली. खरं सांगतो, इतका छान वाढदिवस माझा कधी झाला नव्हता!

तेवढ्यात प्राचीची गाडी आली. ती धावत येऊन गळ्यात पडली, रडली, मग कडकडून भांडली. "वेबसाइट पाहून किती फोन केले, फोन का बंद ठेवलात? आणि मी वाढदिवस विसरले हो अण्णा!" तासाभरात तिने वेबसाइट जागेवर आणली. निघताना मायेने म्हणाली, "आता अपडेट आपोआप होईल. तुम्हाला मला विचारायची गरजच नाही."

माझा चेहरा पडला, पण तिने पाहिलं नाही.

तिची गाडी घोडेगावच्या रस्त्याला लागली आणि मी कॉम्प्युटर उघडला. ते आपोआपचं बटण कसं बंद करायचं, हे मात्र मला कुणालाही न विचारता सापडलं!