पेन ड्राइव्हबंदी आणि सशिणीचा पत्ता

एका जंगलात एक दवाखाना होता. सरकारीच. म्हणजे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि नोटिसांचा फळा मात्र रोज हजर असायचा.

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. ए, पेनाचं टोपण तोंडातून काढ आधी. घशात गेलं म्हणजे? हं. आता ऐका.

त्या जंगलात पिल्लांना एक वाईट आजार व्हायचा. मानमोडी म्हणायचे त्याला. पहिल्या दिवशी पिल्लू दूध सोडायचं. दुसऱ्या दिवशी मान टाकायचं. तिसरा दिवस त्याला दिसायचाच नाही.

हौसा नावाची एक सशीण होती. गेल्या साली तिची दोन पिल्लं अशीच गेली. यंदा तिला तीन झाली. तेव्हापासून ती झोपेतसुद्धा एक कान पिल्लांवर ठेवायची. शेजारणी हसायच्या. हसू देत. त्यांची गेली नव्हती.

मानमोडीवर औषध निघालं होतं. दोन डोस. पहिला जन्मल्यावर, दुसरा महिन्याने. दुसरा चुकला की पहिला वाया. डोस द्यायला साळुंकी सिस्टर घरोघर जायची. पण त्याआधी आईने दवाखान्यात येऊन कॉम्प्युटरच्या यादीत नाव घालायचं. आईचं नाव, पिल्लं किती, आणि बिळाचा पत्ता.

हौसा पत्त्यापाशी अडली.

दवाखान्याचा कारकून होतं एक माकड. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे.

"भाऊसाहेब, पत्ता कशाला? आमचं बीळ कुणाला माहीत नाही, त्यावरच तर जगतोय आम्ही."

"बाई, पत्त्याशिवाय सिस्टर येणार कुठं? आणि घाबरता काय! हा कॉम्प्युटर साधा नाही. याला पहारा बसवलाय."

पहारा म्हणजे काय, तेही सांगते.

झालं होतं असं, की भाऊसाहेबांनी एकदा भाच्याच्या लग्नाचं शूटिंग बघायला कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावला. त्यातून कसलातरी व्हायरस आला. चार दिवस सगळी यादी पडद्यावर उलटी लटकलेली. आपल्या कारकुनाची बसायची पद्धत कॉम्प्युटरने उचलली, असं सगळ्यांना वाटलं. वनराज सिंहांना मात्र राग आला. त्यांनी शहरातून घोरपडसाहेबांना बोलावलं. घोरपडसाहेब कॉम्प्युटरमधले जाणकार. एकदा चिकटले की सुटायचे नाहीत.

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये 'पहारा' नावाचं सॉफ्टवेअर घातलं. ते कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्हच्या बरोबर मधे बसायचं. पेन ड्राइव्ह खोचला की दिवा लागायचा, टुंग वाजायचं, आतल्या फायलींची नावंसुद्धा दिसायची. पण इकडचं एक अक्षर तिकडे जायचं नाही आणि तिकडचं इकडे यायचं नाही. पाहुण्याला ओसरीवर बसवायचं आणि पाणीसुद्धा विचारायचं नाही, तसं.

पहिल्या दिवशी पहाऱ्याने कीबोर्डसुद्धा अडवला. तोही तशाच भोकात खोचलेला होता ना. मग पासवर्ड टाइप करायचा कशाने? तीन दिवस दवाखाना बंद राहिला. त्या तीन दिवसांत एकही माहिती चोरीला गेली नाही, असं घोरपडसाहेबांनी वनराजांना लिहून कळवलं.

"बघा," भाऊसाहेब म्हणाले, "तुमचा पत्ता आत गेला की देवालासुद्धा बाहेर काढता येणार नाही."

हौसाने पिल्लांकडे पाहिलं आणि पत्ता सांगितला. यादीत तिचा नंबर सातवा लागला. तिघांना पहिला डोस मिळाला.

पंधरा दिवसांनी हौसाच्या बिळात लाल मुंग्या आल्या. पिल्लांच्या पापण्यांना चावायला लागल्या. तिने एकेकाला तोंडात धरून ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळीखाली नेलं. मग धापा टाकत दवाखान्यात आली.

"भाऊसाहेब, पत्ता बदललाय. तेवढा लिहून घ्या."

"हाताने लिहायचं बंद झालं, बाई. हाताने चुका होतात, म्हणून घोरपडसाहेबांनी गेल्या आठवड्यात ती सोय काढून टाकली. आता मला फक्त डोस झाल्याची खूण करता येते. पत्ता सिस्टरच्या टॅबवरूनच येणार."

साळुंकी सिस्टरने लगेच टॅबवर नवा पत्ता घातला. टॅबची वायर कॉम्प्युटरला लावली. दिवा लागला. टुंग वाजलं. पडद्यावर आलं : ही देवघेव अडवण्यात आली आहे.

"अहो, हा तर दवाखान्याचाच टॅब," सिस्टर म्हणाली.

"पहाऱ्याला सगळे सारखे," भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले.

"मग आता?"

"अर्ज करा. शहरातून खास परवानगी येईल."

हौसाने अर्ज केला. बारा दिवसांनी परवानगी आली. पेन ड्राइव्हमधून आली. भाऊसाहेबांनी तो खोचला. दिवा लागला. टुंग वाजलं. पुढचं तुम्हीच सांगा.

हसू नका. त्या माऊलीला दुसऱ्या डोसासाठी तीनच दिवस उरले होते.

हौसा रडत बाहेर आली आणि फळ्यासमोर थांबली. फळ्यावर यादी लावलेली होती. छापलेली, ठळक अक्षरात. आईचं नाव, पिल्लं किती, बिळाचा पत्ता. खाली लिहिलं होतं : 'हरकती व सूचना असल्यास आठ दिवसांत कळवाव्यात.' आणि प्रत्येक पत्त्यापुढे लाल पेनाने खूण लिहिलेली होती. सहा नंबर लावी, चार पिल्लं, उंबराच्या पूर्वेला, मोठ्या दगडालगत. सात नंबर हौसा, तीन पिल्लं, वारुळाच्या मागे, डावीकडचं बीळ.

 हौसा परत आत धावली.

"भाऊसाहेब! हे बाहेर कसं? तुम्ही तर म्हणाला होता, एक अक्षर बाहेर जाणार नाही!"

"पेन ड्राइव्हमधून जाणार नाही म्हणालो. हा कागद आहे. यादी फळ्यावर लावायची, हा आपला पूर्वीपासूनचा नियम आहे. सगळं उघड असावं, बाई. लपवाछपवी बरी नाही."

"आणि या खुणा?"

"एका जागरूक नागरिकाची हरकत आली होती. नुसत्या पत्त्यावरून घर शोधायला त्रास होतो म्हणाले. रास्त आहे."

"मग पेनाने खुणा लिहिता, तर माझा पत्ता नाही लिहिता येत?"

"ते हरकतीत बसतं. तुमचं दुरुस्तीत बसतं."

हौसाने मनात म्हटलं, नकोच बसायला. नवा पत्ता यादीत गेला नाही तेच बरं झालं.

ती आधी लावीकडे गेली. लावी तिची जुनी शेजारीण, तीही सशीणच.

"अगं बाई, पिल्लं हलव. आजच्या आज. पत्ते फळ्यावर लागलेत."

"तुझं आपलं सदा काहीतरी," लावी म्हणाली. "परवा मुंग्या, आज फळा. सरकारी यादी आहे ती. आणि कॉम्प्युटरला पहारा आहे ना!"

मग हौसा साळुंकी सिस्टरला वाटेत गाठून उभी राहिली.

"सिस्टर, माझ्या लेकरांना करवंदीखाली येऊन डोस द्या. पण कुठं लिहू नका."

"हौसाताई, असं कसं? मला पत्त्यावरच डोस द्यावा लागतो. पत्त्यावर कोणी नसलं तर डोस परत."

"डोस तुमच्या पेटीत आहे. पिल्लं माझ्या पुढ्यात आहेत. मधे काय आहे?"

"मधे यादी आहे, ताई."

"तुम्हाला पिल्लं आहेत का, सिस्टर?"

 साळुंकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हौसाच्या मागून करवंदीच्या जाळीत शिरली. तिघांना डोस दिला. धाकटं फार रडलं. हौसाला ते रडणं इतकं गोड लागलं, की तीही रडली.

दवाखान्यात सिस्टरने सांगितलं, सात नंबर, जुन्या पत्त्यावर, डोस पूर्ण. भाऊसाहेबांनी खूण केली. फळ्यावर नवा कागद लागला : 'सात नंबर, तीन पिल्लं, तब्येत उत्तम.'

चौथ्या दिवशी सकाळी नदीपलीकडचा कोल्हा आला. ओळीने आला. दोन नंबरला गेला, पाच नंबरला गेला. सहा नंबरला लावीची चार पिल्लं होती. एक उरलं, ते गवतात घरंगळलं म्हणून. मग तो सात नंबरला गेला. वारुळाच्या मागे, डावीकडे. दुपारपर्यंत उकरत बसला. मुंग्यांशिवाय काही निघालं नाही.

संध्याकाळी जंगलात आरडाओरडा झाला. चौकशी बसली. घोरपडसाहेब शहरातून आले आणि त्यांनी रात्र व्हायच्या आत निकाल दिला.

"मी पहाऱ्याची नोंद तपासली. पेन ड्राइव्हमधून एकही अक्षर बाहेर गेलेलं नाही. यंत्रणा शंभर टक्के सुरक्षित आहे."

"अहो पण माझी तीन पिल्लं!" लावी ओरडली.

"ती यंत्रणेच्या बाहेरची बाब आहे."

कोल्ह्यालाही बोलावलं होतं. तो चष्मा पुसत उभा राहिला. "मी चोरून काही केलेलं नाही. यादी फळ्यावर होती. मी हरकतही मुदतीत दिली होती. ही त्याची पोच. उलट तक्रार माझीच आहे. सात नंबरचा पत्ता खोटा निघाला. माझी अर्धी सकाळ गेली. असा कारभार असतो का?"

घोरपडसाहेब ओशाळले. तक्रार कोल्ह्याची होती, आणि पोचपावतीसकट होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी हौसाला नोटीस धाडली : 'चुकीचा पत्ता ठेवून शासनाची दिशाभूल केली. दुरुस्ती न केल्यास नाव कमी करून पुढच्या पिल्लांचे सगळे डोस बंद.'

हौसा दवाखान्यात आली. तिन्ही पिल्लं तिच्या पोटाखाली चिकटलेली. घोरपडसाहेब स्वतः खुर्चीत बसले होते. त्यांनी चार कळा दाबल्या आणि पहारा पाच मिनिटांसाठी उठवला.

हौसाच्या अर्जाने बारा दिवसांत जे झालं नाही, ते कोल्ह्याच्या अर्जाने एका दिवसात झालं. बघा, वजनदार अर्ज कसा असतो ते.

"हं बाई, सांगा पत्ता," भाऊसाहेब म्हणाले. "खुणेसकट. आता खुणेचाही रकाना केलाय."

हौसाने टॅब घेऊन उभ्या असलेल्या साळुंकीकडे पाहिलं. पोटाखाली धाकट्याचं काळीज धडधडत होतं, ते तिला कळत होतं.

"लिहा," ती म्हणाली. "टेकडीच्या पोटात. जुन्या वडामागे. मोठ्या तोंडाचं बीळ. आत शिरल्यावर उजव्या हाताला."

बाळांनो, ते बीळ कुणाचं, हे जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं. वनराज दुपारचे तिथेच उजव्या हाताला झोपायचे. साळुंकीची चोच उघडी राहिली. मग तिने ती मिटली आणि एकेक अक्षर नीट टॅबवर घातलं. वायर जोडली. दिवा लागला. टुंग वाजलं. देवघेव यशस्वी.

भाऊसाहेबांनी पत्ता काही वाचला नाही. सगळे रकाने भरलेत का, तेवढं पाहिलं. भरले होते. घोरपडसाहेबांनी पहारा पुन्हा बसवला. दुपारच्या आत यादी छापून फळ्यावर लागली.

नदीपलीकडून कोल्हा आला. चष्मा लावून त्याने सात नंबर दोनदा वाचला. टेकडीकडे तो कधी गेला नव्हता, पण खूण अगदी स्पष्ट होती. या वेळी त्याने हरकत घेतली नाही.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं, असं शाळेत बाई शिकवतात. ते बरोबरच आहे, परीक्षेत तसंच लिहा. पण कुणी कुलूप दाखवून 'तुमची माहिती इथे अगदी सुरक्षित आहे' असं म्हणालं, तर दाराकडे बघू नका, भिंतीकडे बघा. आणि पत्ता विचारलाच, तर ज्याने कुलूप लावायचा हुकूम काढला त्याचा सांगा.