पिशवीतले एकोणीस टक्के

मी फक्त एक बटण दाबलं होतं.

हे वाक्य मी त्या दिवसापासून इतक्या वेळा म्हटलंय, की आता घरात चहा सांडला तरी आई म्हणते, "विचारा त्याला, त्यानं फक्त एक बटण दाबलं असेल." पण शपथेवर सांगतो, एकच होतं.

आधी माणसं ओळखून घ्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. जन्मापासून आंधळी. ("दृष्टिहीन म्हणावं," असं बाबा मला शिकवतात. आत्या स्वतःला सरळ आंधळी म्हणते आणि बाबांना "डोळे असलेला" म्हणते, तेही शिवी दिल्यासारखं.) ती एका कोल्ड स्टोरेज कंपनीच्या ऑफिसात टेलिफोनवर बसते. बाबा रिटायर झालेत. पूर्वी त्यांच्या हाताखाली एक अख्खं खातं होतं, आता घरातले दिवे-पंखे आहेत. माणूस खोलीतून निघायच्या आत बटण बंद! मी आंघोळीला असताना त्यांनी बाथरूमचा दिवा किती वेळा घालवलाय, ते माझ्या डोळ्यांत गेलेल्या साबणाला विचारा.

राहिलो मी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. आमचे प्राध्यापक त्यांच्या प्राध्यापकांच्या पिवळ्या नोट्स आम्हाला वाचून दाखवायचे आणि त्याला शिकवणं म्हणायचे. मी एकदा उठून विचारलं, "सर, झेरॉक्स काढून दिलीत तर आपण दोघंही झोपू शकू का?" त्यानंतर आमचं जमलं नाही. घरात माझं स्थान असं, की नोकरीचा विषय निघाला की मी नापास आणि मिक्सर बंद पडला की मी इंजिनिअर.

तर आत्यानं स्वतःच्या पैशांनी एक मशीन घेतलं. अंधांसाठी टिपणं घ्यायचं मशीन. आकार वहीएवढा. वर ब्रेल लिहायला सहा कळा, मध्ये एक लांब कळ. खाली एक पट्टी, तिच्यातून बारीक टोकं वर येतात, त्यांवरून बोट फिरवलं की लिहिलेलं वाचता येतं. एका वेळी फक्त वीस अक्षरं. मशीनला आवाजही आहे, बाईचा, बँकेतून फोन आल्यासारखा. ते समोर आलेलं सगळं वाचतं, विरामचिन्हांसकट. "वहिनीला सांगणे पूर्णविराम."

बस्स. एवढंच येतं त्याला. आत्याला तेवढंच हवं होतं.

पण घरातल्या डोळस मंडळींच्या अपेक्षा काय विचारता! बाबांनी पहिल्याच दिवशी मशीनसमोर पेपर धरला. "वाच."

"दादा, त्याला डोळे नाहीत," आत्या म्हणाली.

"मग तुला काय उपयोग?"

"मलाही नाहीत. आमचं जमेल."

आई मशीनला ओट्याजवळ ठेवून गेली, दूध उतू जायला लागलं की सांगेल म्हणून. दूध गेलं. आईनं मशीनकडे असं पाहिलं, जसं ती माझ्याकडे गेली दोन वर्षं पाहतेय. शिवाय त्या पट्टीतली टोकं वर आलेली दिसली, की कचरा अडकलाय म्हणून ती अंगठ्यानं दाबून बसवायची. बाबांना त्यांची टकटक ऐकू आली तेव्हा ते शिलाई मशीनचं तेल घेऊन धावले. (बाबांच्या पिढीचा तेलावर इतका विश्वास आहे, की माझं शिक्षण अडलं तेव्हाही डोक्यावर तेलच थापलं होतं.) मी मध्ये पडलो म्हणून ते वाचलं.

आता मुद्द्याचं. आत्याच्या ऑफिसात टेलिफोनवर नवी यंत्रणा यायची होती, ती "विक्रीसाठी एक दाबा"वाली. म्हणजे आत्याची खुर्ची जाणार. त्याच सुमारास संचालकांच्या मीटिंगचे मिनिट्स लिहिणारे, म्हणजे कोण काय बोललं त्याची नोंद ठेवणारे गृहस्थ रिटायर झाले. आत्या उठली आणि थेट मोठ्या साहेबांकडे गेली. "ते काम मला द्या." साहेब म्हणाले, "ठीक आहे, एक मीटिंग करून दाखवा. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं तर..." पुढचं ते बोलले नाहीत. मोठी माणसं वाईट वाक्य कधी पुरं करत नाहीत, ते आपल्यावर सोडतात.

मीटिंगच्या दिवशी सकाळी आत्या आतल्या खोलीत केस विंचरत होती. मी बाहेर होतो. मशीन टेबलावर होतं. ते म्हणालं, "नवी आवृत्ती उपलब्ध आहे पूर्णविराम. आत्ता की नंतर प्रश्नचिन्ह."

गेले कित्येक दिवस ते हेच विचारत होतं आणि आत्या दर वेळी "नंतर" दाबायची. माझं डोकं फिरलं. ही अख्खी पिढीच "नंतर" दाबत आली आहे! किडलेली दाढ, गळका नळ, लग्नातली भांडणं, सगळं नंतर. म्हटलं, आज आत्याचा एवढा मोठा दिवस, जुन्या आवृत्तीवर कशाला जाऊ द्यायचं?

मी "आत्ता" दाबलं.

"पंधरा मिनिटं लागतील पूर्णविराम," मशीन म्हणालं. आत्याच्या निघायला अर्धा तास होता. सगळं कसं छान चाललं होतं. आणि बाबा फिरायला निघाले.

जाता जाता त्यांची नजर कोपऱ्यातल्या राउटरवर गेली. "चार-चार हिरवे दिवे! कोणी बघतंय का त्यांच्याकडे?" खट्.

अकरा टक्क्यांवर मशीन थिजलं. कोणतीही कळ दाबा, एकच उत्तर, आता विरामचिन्हंही गाळून: "अकरा टक्के. कृपया बंद करू नका." मी राउटर लावला, मशीनला पुन्हा जोडलं, तर ते आता गोगलगायीच्या चालीनं सरकायला लागलं. एवढ्यात आत्या तयार होऊन आली, तिनं मशीन उचललं आणि पिशवीत टाकलं.

"आत्या, मीही येतो."

"तू? ऑफिसला? स्वखुशीनं?"

"तांत्रिक सहाय्यक म्हणून."

"ताप आहे का बघ गं वहिनी ह्याला."

बसमध्ये मी तिच्या शेजारी, मोबाइलचं नेट मशीनला जोडून, मनातल्या मनात सगळ्या देवांना आणि सगळ्या मोबाइल कंपन्यांना विनवत बसलो. सिग्नलला बस थांबली. सगळीकडे शांतता.

"एकोणीस टक्के," पिशवी म्हणाली.

आत्यानं मान वळवली नाही. "माझ्या पिशवीत एकोणीस टक्के काय आहे?"

"आत्या, मी फक्त..."

"काय केलंस?"

सांगितलं. पुढच्या सीटवरच्या बाईनंही मागे वळून ऐकलं. आत्यानं पिशवीत हात घालून मशीन चाचपलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पाटी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे," ती शेवटी म्हणाली. ब्रेलची पाटी म्हणजे चौकोनी खिडक्यांची धातूची पट्टी. तिच्यात जाड कागद अडकवायचा आणि टोचणीनं एकेक ठिपका टोचायचा. शाळेपासून ती त्यावरच लिहीत आलीये. "कागदही आहेत. जुन्या कॅलेंडरची पानं. पण टोचणी घरी राहिली."

"घरी का?"

"तुझी आई तिनं गॅसच्या बर्नरची भोकं साफ करते."

बघा! एकीकडे बाबा, दुसरीकडे आई, आणि मधल्या मध्ये मी एकटा बदनाम.

मग मला आठवलं. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक एवढासा स्क्रू ड्रायव्हर आहे. इंजिनिअरिंगमधून मी घेऊन आलेली एकमेव गोष्ट. तो आत्याच्या हातात ठेवला. तिनं अंगठ्यावर टोक दाबून पाहिलं. "बोथट आहे. तुझ्यासारखाच. चालेल."

मीटिंगच्या खोलीत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि संचालक. सगळे बाबांच्या वयाचे, सगळ्यांचे चेहरे दुपारचं जेवण कधी असं विचारणारे. आत्या पाटी मांडीवर ठेवून टेबलाच्या टोकाला बसली. मी मागे स्टुलावर. मोठे साहेब आले आणि पहिला प्रश्न:

"मशीन कुठंय? समोर ठेवा, समोर! सगळ्यांचं नीट ऐकू येऊ दे त्याला."

"साहेब, ते ऐकत नाही," आत्या म्हणाली. "लिहिते मी."

"हो हो, तेच," साहेब म्हणाले आणि मशीन स्वतःच्या हातानं टेबलाच्या मधोमध ठेवून त्याच्यावर ओणवे झाले. "नमस्कार! मीटिंग सुरू! नोंद घ्या!"

त्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून मी त्याला इअरफोन खुपसूनही पाहिला होता. पण अपडेट चालू असताना ते कोणाचं म्हणून ऐकत नाही.

गोदामांचे संचालक उठले. घसा खाकरला. "गेल्या तिमाहीत माल नासण्याचं प्रमाण अवघं पाच टक्के..."

"अठ्ठेचाळीस टक्के," मशीन म्हणालं.

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. (ऐकू येतच होती. टेबलाखाली आत्याचा स्क्रू ड्रायव्हर चालू होता, टक् टक् टक्.) गोदामवाले पाणी प्यायले.

"म्हणजे... वरवर पाहता पाच. जुनी खोली धरली तर बारा."

मशीन काही बोललं नाही. त्यांना तेच जास्त लागलं.

"बरं, वीस! बटाटे धरून वीस!"

साहेबांनी चष्मा काढला. "मी वर्षभर हेच विचारत होतो."

"हा विषय आता इथेच बंद करू या," गोदामवाले घाईनं म्हणाले.

"कृपया बंद करू नका," मशीन म्हणालं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "बोला."

त्यानंतर ती मीटिंग नव्हती, कबुलीजबाब होता. वाहतुकीचे संचालक उठले, "नव्वद टक्के गाड्या वेळेवर," असं म्हणाले आणि मशीनकडे चोरून पाहिलं.

"एकोणपन्नास टक्के."

"पन्नास धरा," ते म्हणाले आणि खाली बसले.

तिसऱ्यांनी उठता उठताच सांगितलं, "मला कोणताही आकडा द्यायचा नाही." कोणी कोणाच्या मध्ये बोललं नाही. जो तो आधी आपलं नाव सांगून, मोजक्या शब्दांत, मशीनकडे तोंड करून बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकी वडीलधारी माणसं एकत्र खरं बोलताना पाहिली. त्यासाठी एक बिघडलेलं यंत्र लागलं.

मीटिंग जेवणाआधीच संपली. आत्यानं टायपिस्टच्या टेबलाशी बसून कॅलेंडरच्या पानांवरून बोट फिरवत सगळं सांगितलं आणि मग साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्यासमोर बसून, टाइप झालेला कागद त्यांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला. परत वाचला.

"उत्तम! काय मशीन आहे हो!"

आता आत्यानं नुसतं "धन्यवाद" म्हणायचं होतं. खुर्ची तिची होती. मी मागून तिच्या खुर्चीला पाय मारला. ती माझ्या पायावर पाय देऊन उभी राहिली.

"साहेब, मशीननं आज काहीही केलेलं नाही. ते सकाळपासून बंद पडल्यात जमा आहे. हे मी ह्याच्यावर लिहिलं." तिनं टोचलेली पानं टेबलावर ठेवली. "खुर्ची द्यायची असेल तर मला द्या. त्याला द्यायची असेल तर मी फोनवर जाते."

साहेबांनी एका पानावर हात फिरवला. मागच्या बाजूला गेल्या वर्षीचा मार्च होता.

"मग ते टक्के?"

"ते त्याचे स्वतःचे होते."

 साहेब उठले आणि दार लावून आले.

"हे तुम्हाला, मला आणि ह्या पोराला माहीत. चौथ्याला नको. खुर्ची तुमची. पण बाई, मशीन दर मीटिंगला आणायचं. चालू असो नसो."

संध्याकाळी घरी मशीन एकदाचं शंभरला पोचलं आणि शहाण्यासारखं वागायला लागलं. आईनं टोचणी धुऊन परत दिली. आणि कंपनीच्या मदत केंद्रातून एका मुलीचा फोन आला. आवाज फार गोड होता. मी स्पीकर लावून जवळ सरकलो.

"मॅडम, आपण नवी आवृत्ती घेतलीत. मशीनकडून आपल्या अपेक्षा काय आहेत?"

"मी लिहीन ते ठेवावं. मागितलं की द्यावं. मध्ये बोलू नये."

"आणि काही मर्यादा जाणवल्या?"

"मर्यादा मशीनच्या नाहीत हो, घरच्यांच्या आहेत. कोणीही येतं आणि बटण दाबतं."

"त्यासाठी नव्या आवृत्तीत कुलूप आहे, मॅडम. कुलूप लावलं की दुसऱ्यानं हात लावताच आपण ठरवलेला निरोप ऐकू येतो. घरात लहान मूल आहे का?"

"आहे एक."

"किती वर्षांचं?"

"बावीस."

मुलगी हसली. फार गोड हसली. मी स्पीकर बंद करेपर्यंत हसतच होती.

परवा आत्या बाहेर गेली होती आणि मशीन टेबलावर होतं. मला त्यात काही करायचं नव्हतं. कुलूप नीट लागलंय का, एवढंच बघायचं होतं. मी फक्त एक बटण दाबलं.

"कळा बंद आहेत पूर्णविराम," मशीन खणखणीत आवाजात म्हणालं. "घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा पूर्णविराम."

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, रिटायर झाल्यापासून ऐकला नव्हता इतका उमेदीचा:

"आलो, आलो! हात लावू नकोस तू! तेल घेऊन येतो!"