कालवा आटला

डेरेकला ग्लेनिसला "जाऊ नका" एवढंच म्हणायचं होतं. पण ती आज आपली नाव घेऊन कायमची उत्तरेला, बहिणीच्या गावी निघाली होती आणि याच्या तोंडून अजून शब्द फुटत नव्हता. दोघांच्या लांबुळक्या नावा कितीतरी वर्षं एकाच काठाला पाठोपाठ बांधलेल्या. बिचारा रोज सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघाला की मगच स्वतःचा चहा टाकायचा. तिच्याविना सकाळ कशी उजाडेल, हेच त्याला कळत नव्हतं.

"फाट्यापर्यंत सोबत येतो," तो म्हणाला होता. "लॉकमध्ये दोन नावा मावतात, तेवढंच पाणी वाचेल."

"पाण्याची फार काळजी हो तुम्हाला!" ग्लेनिस म्हणाली.

नावा माणसाच्या चालीनं निघाल्या. काठावरचा एक लंगडा कुत्रासुद्धा त्यांना मागे टाकून गेला. वेळ रग्गड होता. पण इंजिनांच्या धडधडीत बोलणार काय, डोंबल! बोलायची सोय फक्त लॉकमध्ये, म्हणजे कालव्याच्या चढावरच्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या त्या हौदात. दोन्ही नावा शेजारी शेजारी उभ्या करायच्या, झडप उघडायची आणि पाणी भरून नावा वरच्या कालव्याच्या पातळीला येईपर्यंत थांबायचं.

पहिल्या लॉकमध्ये डेरेकनं हिय्या केला. "ग्लेनिस, मला म्हणायचं होतं की—"

"अहो, दोरी! दोरी धरा आधी, नाव आडवी चाललीय!"

दुसऱ्या लॉकमध्ये दोरी घट्ट होती, पण जीभ लुळी पडली. "तिकडं थंडी फार असेल, नाही?"

"असेल की. लोकरीचे मोजे घेतलेत."

"बरं केलंत," डेरेक म्हणाला आणि पुढचा मैलभर त्यानं मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या.

तिसरं लॉक जुनं होतं. त्याचे खालचे दरवाजे चाळणीसारखे गळायचे, म्हणून वर निघून गेल्यावर वरची झडप आठवणीनं बंद करायची, नाहीतर वरच्या कालव्याचं सगळं पाणी खाली गळून जातं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डेरेकनं काठावर चढून किल्ली फिरवली, झडप उघडली. खाली खोल अंधारात ग्लेनिसची टोपी दिसत होती. पाणी चढू लागलं तशी टोपी वर आली, मग टोपीखालचा चेहरा, आणि होता होता तो चेहरा त्याच्या अगदी समोर येऊन थांबला. डेरेक नुसता बघत राहिला. नावा बाहेर निघाल्या, मागे दरवाजा लागला. झडप मात्र तशीच उघडी राहिली.

पुढच्या लॉकआधी दोघांनी नावा काठाला बांधल्या. ग्लेनिसच्या नावेत आल्याचा केक निघाला, चहाची किटली झाली, गप्पांत दुपार कलली. फाटा आता जवळच होता. डेरेकनं घसा खाकरला.

"ग्लेनिस, तुम्ही—"

त्याचा कप टेबलावरून आपणहून निघाला आणि भिंतीला जाऊन आपटला. मागोमाग किटली. बाहेर येऊन बघतात तो कालव्यात पाणीच नाही! दोन्ही नावा चिखलात कलंडलेल्या आणि एक बदक चक्क पायी चाललेलं.

वरच्या लॉकमध्ये अडकलेला एक टक्कल पडलेला नावाडी तरातरा आला. "झडप कुठल्या शहाण्यानं उघडी ठेवली?"

"मी," डेरेक म्हणाला.

"पहिल्यांदाच नावेत बसलात का?"

"नाही हो. नावेतच राहतो."

"मग घर घ्या एखादं! आता पाणी उद्याशिवाय भरत नाही."

तो झडप बंद करायला पाय आपटत गेला. डेरेकचं तोंड एवढंसं झालं. "माफ करा ग्लेनिस. तुमची बहीण वाट बघत असेल."

"झडप मी पाहिली होती," ग्लेनिस शांतपणे म्हणाली.

"काय? अहो, मग सांगायचंत ना!"

"सांगणार होते. पण म्हटलं, तीन लॉकांत ज्यांच्या तोंडून चार शब्द निघेनात, त्यांना एक रात्र तरी द्यावी." तिनं केकचा चुरा झटकला. "आता इंजिन बंद आहे. दोरी सैल होण्याचंही भय नाही. बोला."

डेरेकनं चिखलाकडे बघितलं, बदकाकडे बघितलं आणि डोळे मिटून एकदाचं म्हटलं, "जाऊ नका."

"या चिखलातून कुठं जाणार?" ग्लेनिस म्हणाली. "उद्या पाणी आल्यावर म्हणा."