लेस्टरचे कूळ

सहादू बोराडे यांनी विलायतेत घर घ्यायचे ठरवले, त्याला कारण त्यांची बायको सुलाबाई. मुलगा मंगळू लेस्टर गावी मोज्यांच्या कारखान्यात होता, आणि चालती-बोलती झालेली नात आजीने अजून फोटोतच पाहिली होती. १९७९ साली मंगळूने कळवले, "शेजारचं घर विकाऊ आहे. वर एक म्हातारी भाडेकरू आहे, पण खालचे दोन मजले मोकळे. तुमच्या फंडाच्या पैशाची भर घाला, घर तुमच्याच नावावर घेऊ, आणि दोघंही इकडेच या." सुलाबाईंनी पत्र ऐकले आणि लगेच माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली.

स्वतःच्या नावाचे घर ही सहादूंनाही नवलाईच होती. नाशकात ते तानुबाईंच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. भाडे अकरा रुपये, कायद्याने गोठवलेले. तानुबाई आपल्या लेकाचे लग्न झाल्यापासून खोल्या परत मागत होत्या आणि सहादू त्यांना कायदा समजावून सांगत होते. प्रकरण कोर्टात होते, म्हणजे काळजीचे कारण नव्हते.

पैसा देशाबाहेर न्यायचा तर सरकारची परवानगी हवी. त्यासाठी 'परदेशी स्थावर परवाना कक्ष' होता. या कक्षाकडे आजवर एकही अर्ज आला नव्हता, त्यामुळे कामाचा निपटारा शंभर टक्के होता. सहादूंनी अर्ज देऊन तो बिघडवला. कक्षप्रमुख दुसाने साहेबांना ते आवडले नाही.

"सातबारा कुठे आहे?"

"साहेब, इंग्लंडात सातबारा नसतो. तलाठीच नसतो."

"मग जमीन कुणाची, हे त्या लोकांना कळतं कसं?"

सहादूंनी मुलाला पत्र टाकले. मंगळूने तिथल्या नगरपालिकेचे पत्र पाठवले की, आमच्याकडे तलाठी नावाचा अधिकारी नाही. दुसाने साहेबांनी ते दोनदा वाचले.

"तलाठी नाही, मान्य. पण तसं तलाठ्यानं लिहून द्यायला पाहिजे ना!"

शेवटी इकडच्याच एका तलाठ्याने दाखला दिला की, माझ्या हद्दीत लेस्टर नावाचे गाव नाही. फायलीत तेवढा एकच कागद निखालस खरा होता, आणि तो तत्काळ मंजूर झाला. तोवर ट्रंकेतल्या पापडांना जाळी धरली होती. सुलाबाईंनी ते काढून नवे भरले.

मग विलायतेचे कागद राजभाषेत करायचे निघाले. सरकारी भाषांतरकाराची सारी नोकरी जमिनीच्या दाव्यांत गेलेली. 'टेनंट' शब्द दिसताच त्याचा हात आपोआप चालला, आणि वरच्या मजल्यावरची डोरोथीबाई राजभाषेत 'कूळ' झाली.

"कूळ?" दुसाने साहेब खुर्चीत ताठ झाले. "मग हे काय?" त्यांनी मंगळूने हौसेने पाठवलेला फोटो पुढे केला. त्या विकाऊ घराच्या परसात बटाट्याचे वाफे होते, नात उभी होती, आणि मागे डोरोथीबाई झारीने पाणी घालत होती.

"साहेब, चार बटाटे आहेत ते. परसातले."

"बोराडे, जमीन आहे, पीक आहे, कसणारं कूळ पाणी घालताना दिसतंय. कसेल त्याची जमीन! ही बाई मालक झाली. तुम्ही विकत काय घेणार?"

सहादूंचे डोके भडकले. रात्रंदिवस नातीचा फोटो धरून बसणारी बायको घरी, आणि इथे एका भाडेकरणीला कायदा घर बहाल करतो! त्यांनी वकील न लावता स्वतःच्या हाताने अपील लिहिले: 'भाड्याने राहून दुसऱ्याच्या घरावर हक्क सांगणे ही शुद्ध लबाडी आहे. मालकाने जागा मागताच सभ्य माणसाने ती सोडावी. कायद्याआड लपणाऱ्या भाडेकरूस लाज वाटली पाहिजे.' खाली शपथ घेतली, झोकात सही केली.

साक्षीला स्थानिक घरमालकाची निशाणी हवी होती. गल्लीत बाकी सगळे भाडेकरूच, म्हणून सहादू तानुबाईंकडे गेले.

"आधी वाचून दावा, भाऊ," तानुबाई म्हणाल्या.

सहादूंनी वाचले.

"परत वाचा की."

सहादूंनी आवाज चढवून परत वाचले. तानुबाईंचे डोळे भरून आले.

"लय खरं लिव्हलंय. मी अंगठा देते. पन याची एक नक्कल मला बी द्या."

आपल्या लिखाणाचे चीज झाले म्हणून सहादूंनी सुवाच्य अक्षरात दोन नकला दिल्या.

तानुबाईंच्या दाव्याच्या पुढल्या तारखेला न्यायाधीशांनी एक कागद वर धरला. "ही सही तुमचीच?" सहीबद्दल सहादूंना अभिमान होता. ते हो म्हणाले. त्यांच्या शब्दापुढे त्यांच्या वकिलाला बोलण्यासारखे काही उरले नाही, आणि खोल्या रिकाम्या करण्याचा हुकूम झाला. आठवड्याने त्याच पत्त्यावर कक्षाचे पत्र आले: 'अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नसल्याने अपील निकाली.' दुसाने साहेबांचा निपटारा पुन्हा शंभर टक्के झाला. लेस्टरचे घर केव्हाच दुसऱ्याने घेतले होते.

ट्रंक टांग्यावर चढली तेव्हा गल्ली लोटली. ट्रंक बघून सगळ्यांना वाटले, निघाले विलायतेला. बायकांनी सुलाबाईंची ओटी भरली. "नातीला आमचा पापा द्या," एकजण म्हणाली. सुलाबाईंनी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. पदर तोंडाला लावून त्या खरोखरच रडत होत्या. टांगा इगतपुरीच्या गाडीसाठी निघाला. तिथे सहादूंचे धाकटे भाऊ गेणू राहत होते.

वाटेत सहादूंनी घसरणारी ट्रंक सावरली. मग एकदम म्हणाले, "अगं, गेणूचं घर वडिलांच्याच नावावर आहे ना अजून?"

"का हो?"

"काही नाही. एकदा आपण राहायला गेलो, की मग कायदा काय म्हणतो ते बघू."

वाचकांना सहादूंचे हसू आले असेल तर त्यांनी जरूर हसावे. मात्र हसण्यापूर्वी आपला घरमालक दाराशी उभा नाही ना, एवढे बघून घ्यावे.