बंद थिएटरांचे पेठेकाका

"हेमंतराव, टोपी काढा. तुम्ही थिएटरात उभे आहात."

माझा भाऊ हेमंत त्या वेळी उइटहॉर्न या डच गावातल्या एका सुपरमार्केटात, दह्याच्या फ्रीजसमोर उभा होता. त्याने आधी पेठेकाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली. त्याने निमूटपणे टोपी काढली.

"पडदा इथे," पेठेकाकांनी दोन्ही हात पसरून फ्रीजची लांबी दाखवली. "तुम्ही उभे आहात ती चौथी रांग. बाल्कनी तिकडे, साबणांच्या वर. काय थिएटर होतं! त्यानेही राम म्हटला."

दुकानातली एक पोरगी धावत आली आणि काही हवंय का, असं डचमध्ये विचारू लागली. पेठेकाकांनी शांतपणे सांगितलं, "नाही, आम्ही नुसतं बघतोय." तेवढ्यात ढकलगाडी घेतलेल्या एका म्हातारबाईंनी ते ऐकून डचमध्येच विचारलं, काय बघताय? काकांनी सांगताच त्या म्हणाल्या, "छे छे, पडदा इथे कुठला! तो तिकडे होता, बिअरच्या बाटल्यांपाशी." काकांचा चेहरा पडला. खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी खोडलं, आणि आम्हा दोघांना बिअरच्या बाटल्यांसमोर नेऊन पुन्हा उभं केलं.

मोहन पेठे आइंडहोवनमध्ये आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. चिप बनवायच्या यंत्रांना किती हादरे बसतात, हे मोजायचं त्यांचं काम. माझा नवरा त्यांच्याच कंपनीत. मला ते वहिनी म्हणतात आणि मी त्यांना, माझ्या मुलीचं ऐकून, काका म्हणते. त्यांना मूलबाळ नाही. बायको, सुनंदाताई, तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्याआधी काकांना सिनेमाचं वेड असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. कुणी सिनेमाला बोलावलं तर म्हणायचे, "तीन तास एका जागी बसायचे ते फक्त विमानात."

आता मात्र आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी नुसतं टाकलं, 'पाहुणे येताहेत, सिनेमाची आवड आहे, नेदरलँड्समध्ये काय दाखवावं?' की पहिलं उत्तर पेठेकाकांचं. आठ दिवसांचा कार्यक्रम, गाड्यांच्या वेळांसकट. नवख्यांना वाटतं, वा, काय माहीतगार माणूस! जाऊन आल्यावर ते ग्रुपवर पुन्हा काही विचारत नाहीत. कारण पेठेकाका दाखवतात ती फक्त बंद पडलेली थिएटरं.

सोलापूरचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं. त्यांना ट्युलिपच्या शेतात गाण्यातल्यासारखे फोटो काढायचे होते. काकांनी त्यांना रायस्वाइकच्या एका गोदामामागे नेलं आणि तिथल्या भिंतीवरच्या बुजवलेल्या चौकोनी भोकाशी उभं करून सांगितलं, "तिकिटाची खिडकी. इथून हात आत घालायचा." नवरा मुलगा सज्जन. त्याने हात भिंतीवर ठेवून फोटो काढून घेतला.

हेमंतला मी हे सगळं आधी सांगितलं होतं. पण तो कोल्हापूरच्या फिल्म क्लबचा जुना सभासद. म्हणाला, "ताई, असा माणूस तर मला भेटलाच पाहिजे." भेटला. पहिल्या दिवशी उइटहॉर्न, दुसऱ्या दिवशी रायस्वाइकची भिंत. तिसऱ्या दिवशी मास्ट्रिख्ट. गाडीत काकांनी डबा उघडला. डब्यात तिघांना पुरेल एवढा तिखटमिठाचा सांजा, आणि तो इतका करपलेला, की हेमंतने विचारलं, "हे पण बंद पडलेलं का?" काका हसले नाहीत. म्हणाले, "मला एवढंच येतं."

मास्ट्रिख्टमधलं थिएटर म्हणजे आता व्यायामशाळा होती. काचेपलीकडे दहाबारा माणसं पट्ट्यांवर जागच्या जागी धावत होती. काका काचेला नाक लावून उभे राहिले. "शेवटची रांग. ती लाल बनियनवाली बाई धावतेय ना, तिथे." पाच मिनिटं झाली, दहा झाली. पावसाची बुरबुर सुरू होती. शेवटी हेमंतचा बांध फुटला.

"काका, अहो या देशात एक तरी जिवंत थिएटर आहे की नाही?"

"आहेत की. पुष्कळ आहेत."

"मग आपण तिथे का जात नाही?"

"चालू थिएटरात काय बघायचं?"

"सिनेमा!" हेमंत ओरडला. आतल्या लाल बनियनवालीनेही वळून पाहिलं.

त्याने फोनवर शोधलं. दोन गल्ल्या सोडून एक जुनं, छोटं थिएटर चालू होतं आणि दुपारचा खेळ वीस मिनिटांत लागणार होता. त्याने तिथल्या तिथे तीन तिकिटं काढली आणि तरातरा चालू लागला. काका मागून आले. दारापर्यंत आले. आतून कॉफीचा वास येत होता, एक मुलगा तिकिटं बघत होता. आणि काका दाराबाहेरच्या बाकावर बसले, ओल्या बाकावर, तसेच.

"तुम्ही जा. मी थांबतो."

"अहो, पैसे भरलेत मी!" हेमंत म्हणाला आणि रागाने एकटाच आत गेला. मला त्यांना तसं सोडून जाववेना. मी छत्री उघडून शेजारी बसले. म्हटलं, "काका, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

ते समोरच्या सायकलींकडे बघत बोलू लागले.

"वहिनी, सुनंदा गेल्यावर तिचं कपाट आवरलं. शालीच्या घडीत तिकिटं होती. सिनेमाची. सगळी दुपारची, रांगेच्या आकड्यासकट. वीसबावीस वर्षांपूर्वीपासूनची. मास्ट्रिख्टचं, रायस्वाइकचं, कुठकुठली. प्रत्येक खेळाचं एकच तिकीट."

मी छत्री थोडी त्यांच्याकडे कलती केली.

"मी संध्याकाळी घरी आलो की विचारायचो, काय केलंस दिवसभर? म्हणायची, काही नाही. मला ते खरं वाटायचं. रेल्वेचा पास मीच काढून दिला होता, जरा बाहेर पडत जा म्हणून. तिला डच येत नव्हतं. पडद्याखाली अक्षरं डच. काय कळत असेल हो तिला? अंधारात कुणी बोलायला येत नाही, एवढंच बरं वाटत असेल." त्यांनी चष्मा पुसला, तो आणखी ओला झाला. "म्हटलं, निदान ती कुठे बसायची ते तरी बघावं. शोधायला लागलो, तर एकेक बंद."

"पण हे तर चालू आहे, काका."

"हो. ह्याचीही चार तिकिटं आहेत." ते दाराकडे न बघता म्हणाले. "इथे कुठल्या तोंडाने जाऊ?"

मग एकदम माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही शेजारी होतात. तुम्हाला तिने कधी विचारलं होतं का, सिनेमाला येतेस का म्हणून?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी या देशात नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. माझी मुलगी लहान होती. सुनंदाताई दुपारी दार वाजवून उभ्या होत्या, कोटाखाली चांगली साडी, केस नीट विंचरलेले. "येतेस का गं? पाचपर्यंत परत येऊ." मी म्हटलं, हिला ताप आहे. महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. त्या वेळी माझा डचच्या वर्गाचा अभ्यास राहिला होता. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. पुढे मला नोकरी लागली आणि मी सायकलवरून जाताना त्यांना नुसता हात करायचे.

"विचारलं होतं," मी म्हटलं. "दोनदा. मी नाही म्हणाले."

मला वाटलं, आता हे माझं तोंडही बघणार नाहीत. पेठेकाका पुढे वाकले.

"विचारायला आली तेव्हा कशी दिसत होती? खूश होती?"

"हो," मी म्हटलं. "पावडर लावली होती."

"मग बरं," ते म्हणाले. आणि हळूच म्हणाले, "मला नाही कधी विचारलं."

खेळ सुटला तेव्हा पाऊस थांबला होता. हेमंत सगळ्यांच्या आधी बाहेर आला. त्याचा राग गेला होता, सिनेमा चांगला असावा. "काका, चला, गाडी गाठू," तो म्हणाला. पण काका उठून दाराच्या एका बाजूला उभे राहिले होते. माणसं एकेक करून बाहेर पडत होती, बहुतेक म्हातारी, बरीचशी एकटीच. उजेडात आल्यावर डोळे बारीक करत होती, कोटाची बटणं लावत होती. काका प्रत्येकाला वाट देत, प्रत्येकाकडे बघत उभे होते. गर्दी संपली. आतले दिवे लागले. मग बऱ्याच वेळाने एक बाई काठी टेकत बाहेर आली, काकांकडे बघून हसली आणि गेली. तिकिटं बघणाऱ्या मुलाने दार लोटून घेतलं.

"चला," पेठेकाका म्हणाले.