पंचेचाळीस हजार फुटांचे भाऊजी

मी चहा टाकायला उठले, की आमचे भाऊजी खांद्यावरचा टॉवेल ओढून नाकातोंडावर धरतात. मी कप घेऊन परत येऊन बसले, की टॉवेल खाली. नव्या माणसाला वाटतं, म्हातारीच्या स्वयंपाकघरातून वास येत असावा. एका पाहुणीनं तर जाताना हळूच विचारलं, "फिनेल पाठवू का?"

खरं कारण वेगळंच आहे. भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची मुलगी वैशाली विमान चालवते. शेदोनशे माणसांचं नव्हे. सहा-आठ खुर्च्यांचं, बड्या साहेबलोकांचं जेट. ते नेहमीच्या विमानांच्याही वरून, पंचेचाळीस हजार फुटांवरून जातं. तिथली हवा इतकी विरळ, की दोघा पायलटांतला एक जागेवरून उठला तर दुसऱ्यानं ऑक्सिजनचा मास्क लावायचा. पोरीनं हा नियम एकदा फोनवर सांगितला. बापानं तो इथं आमच्या गावात, कवठे येमाईत लागू केला.

"नियम म्हंजी नियम, वहिनी. जोडीदार उठला की मागं एकटा ऱ्हातो त्याचं काय?"

"भाऊजी, मी शेगडीपाशी चाललीय. दिल्लीला न्हाई."

"उंचीवर समदं सारखंच."

भाऊजींची बायको सिंधू, माझी जाऊ, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून सकाळचा चहा ते माझ्याकडेच घेतात, त्यामुळे हा मास्क रोजचाच.

माणसंही ते फुटांत मोजतात. यवतच्या एका लग्नात नवरदेवाकडे बघून म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय, पण बारा हजारांच्या वर जायचं न्हाई." सरपंचांबद्दल मत, "ह्यांची चाकं अजून जमिनीवरच." डोक्यावरून साधं विमान गेलं तर मान वर न करता सांगतात, "एष्टी हाय ती."

मी त्यांना हसते. पण मला हसायचा काडीचाही हक्क नाही. मी नवी नवरी होते तेव्हा शेतावरून विमान गेलं, की खुरपं टाकून डोक्यावर पदर घ्यायचे. वर कुणी वडीलधारं बसलेलं असलं तर? सातवी पास होते मी, भूगोलात पहिली. सासूबाई या पदराचं गावभर कौतुक सांगायच्या, त्यामुळे माझा पदर आणखीच लांब व्हायचा. आणि पुढं हीच शहाणी बाई, वैशालीनं विमान शिकायचं काढलं तेव्हा म्हणाली होती, "कशाला ते खूळ? रांजणगावला कंपनीत लावा, बस दारात येती." भाऊजींनी ऐकलं नाही. ते बरंच झालं, पण हे त्यांच्यासमोर कबूल करायला मला दहा वर्षं लागली.

तर वैशाली एकदा बोलून गेली, "आप्पा, वरून घर-बिर काही दिसत नाही. उन्हात पाणी तेवढं चमकतं." झालं. आमच्या दोन्ही घरांत मिळून एक शेततळं आहे. भाऊजी त्याचे राखणदार झाले. शेवाळ काढायचे, पाचोळा वेचायचे. सावली पडते म्हणून काठावरच्या बाभळीची फांदी तोडली. "पोरीचा आरसा हाय त्यो," म्हणाले.

यंदा विहिरीनं तळ दाखवला. उन्हाळ कांद्याला शेवटचं पाणी हवं होतं, आणि ते होतं फक्त तळ्यात. कांदा पोसायच्या ऐन वेळी वैशालीचा मेसेज आला, शनिवारी सकाळी तुमच्या डोक्यावरून चाललेय. भाऊजींनी तळ्यावरच्या पाण्याच्या मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

"शनिवार होऊ द्या."

"तवर कांदा लिंबाएवढा ऱ्हाईल."

"लिंबं इकू."

मी वैशालीला फोन लावला. "खरं सांग, आपलं तळं वळखू येतं का?"

ती म्हणाली, "काकू, शिरूरपासून दौंडपर्यंत तळीच तळी चमकतात. दोन मिनिटांत सगळं मागं पडतं. आपलं कुठलं, नाही कळत. पण आप्पांना सांगू नका."

सांगायचंच, असं ठरवून मी शुक्रवारी सकाळीच तळ्यावर गेले. कांद्यापुढं मला कुणाची भीड नाही. भाऊजी काठावर बसून जाळीनं पाचोळा काढत होते.

"पोरीला फोन केलावता ना? काय म्हणाली?"

माझ्या तोंडून निघालं, "दिसतं म्हणाली. लख्ख."

भाऊजी हसले. "वहिनी, तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई. इकडं तळी किती हायेत, मला म्हाइती न्हाई व्हय? तेवढ्या वरनं तर मलाबी वळखू यायचं न्हाई."

"मग ही राखण कशापायी?"

"तळं दिसत न्हाई. पण हितं तळं हाय, म्हणून ती खाली बघती. न्हाईतर खाली तिचं काय हाय आता?"

त्यांनी करदोट्याची गाठ सोडली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. "सिंधू असती तर कवाच हिसकावून घेतली असती. जावा, मोटार चालू करा. कांद्याची लावण तिच्या हातची असायची."

शनिवारी तळ्यात पाणी नव्हतंच, तळाला अंथरलेला प्लास्टिकचा काळा कागद तेवढा. तरी आम्ही दोघं काठावर जाऊन बसलो. साडेदहाच्या सुमाराला भाऊजींनी बोट केलं. खूप वर, एक पांढरा दोरा सरकत होता. माझा हात आपोआप पदराकडे गेला. सत्तरी उलटली तरी खोड जात नाही. भाऊजी उभे राहिले आणि दोरा दौंडच्या अंगाला दिसेनासा होईपर्यंत टॉवेल हलवत राहिले.

मग खाली बसले. टॉवेल ओढला आणि नाकातोंडावर धरला.

"भाऊजी," मी म्हणाले, "मी हितंच हाय. उठले न्हाई."

त्यांनी मान हलवली, पण टॉवेल काही काढला नाही. चहाची वेळ टळून चालली होती. मी तशीच बसून राहिले.